पणजोबांची पाटी

गेल्या महिन्यात चार दिवस आमच्या मूळ तालुक्याच्या गावी जाऊन आले. कुणाचं लग्न नव्हतं की कुणाचं कार्य नव्हतं. काम होतं ते तिथल्या वाचनालयात. घरच्या मंडळींना वाटलं, म्हातारीला आता फिरायची हौस आली. तसंही असेल थोडं. पण तिथून आल्यापासून मन जरा अस्वस्थ आहे, आणि ते कागदावर उतरवल्याशिवाय शांत होणार नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

तर झालं असं, की आमच्या माहेरच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती निघते आहे. पहिली निघाली तेव्हा मी नोकरीत होते. दहावीचे पेपर तपासण्यातून मान वर काढायला सवड नव्हती. या वेळी आमच्या चुलतभावानं, म्हणजे दादानं, फोन केला. म्हणाला, "पणजोबांवर दोन पानं तू लिही. मराठीची शिक्षिका आहेस, शिवाय आता रिकामीच आहेस." रिकामी हा शब्द मी गिळला. गंमत म्हणजे या पुस्तकात मी स्वतः अर्ध्या ओळीत आहे. 'कन्या' असं लिहून पुढे नाव आणि दिल्या घरचं आडनाव, झालं. पण लिहायचं काम आलं ते माहेरवाशिणीकडेच! असो.

पणजोबांबद्दल आमच्या घरात जे सांगितलं जातं ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, त्यांनी धान्याचं पेव उघडलं आणि पंचक्रोशी जगवली. लोकांनी उपकाराची आठवण ठेवून त्यांना जमिनी दिल्या. त्यांनी वाचनालयाला भरघोस देणगी दिली. आणि पुढे कुळकायद्यात ते सगळं गेलं. वडील जेवताना हे सांगायचे, आणि शेवटचं वाक्य म्हणताना ताटातला घास तसाच राहायचा. पहिल्या आवृत्तीत हेच सगळं 'दानशूर' या एका शब्दाखाली छापलं आहे.

मला वाटलं, दोन पानं लिहायची तर नुसतं ऐकीव नको, काहीतरी आधार हवा. त्यातच कळलं की वाचनालयाचं नूतनीकरण झालंय आणि जुनी वर्तमानपत्रं बघायला मिळतात. बॅग भरली आणि निघाले.

या वाचनालयात मी पहिल्यांदा गेले ती आजोबांचं बोट धरून. सात-आठ वर्षांची असेन. पत्र्याचं छप्पर, जाळीची लाकडी कपाटं, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि टेबलावर लाकडी दांड्यांना अडकवलेली वर्तमानपत्रं. वाचणारे सगळे पुरुष. मी आणि कपाटामागची पाल, दोघीच काय त्या बायका. नंतर एकदा नोकरीत असताना गेले तेव्हा छप्पर गळत होतं आणि कपाटांवर प्लॅस्टिक टाकलं होतं. स्वच्छतागृह विचारलं तर ग्रंथपालांनी समोरच्या एस.टी. स्टँडकडे बोट दाखवलं होतं.

आता काय सांगू! पायऱ्यांच्या बाजूला उतार केला आहे, त्याला धरायला दांडा. माझ्या गुडघ्यांनी तिथेच आशीर्वाद दिला. आत काचेचा दरवाजा, पांढऱ्या फरश्या, भरपूर उजेड. बायकांसाठी वेगळं आणि खरोखर स्वच्छ असं स्वच्छतागृह. वरच्या मजल्यावर अभ्यासिका. तिथे सकाळी सात वाजताच स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली येऊन बसलेली असतात. प्रत्येकाला आडोसा केलेलं छोटं टेबल, दिवा आणि मोबाइलसाठी प्लग. निम्म्या मुली होत्या. मी जिन्यात उभी राहून दोन मिनिटं नुसती बघत होते.

हे आधी सांगते, कारण पुढे मी तक्रार करणार आहे. आमच्या वयाच्या लोकांना जुनं ते सोनं म्हणायची खोड असते. जुन्या वाचनालयाचा तो वास मलाही आवडायचा, पण त्या वासात मुली येऊन बसत नव्हत्या. गळकं छप्पर हे काही संस्कृतीचं लक्षण नाही. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं १८४८ चं. इतकी जुनी परंपरा आपण मिरवतो, पण परंपरेला पाऊस लागतो आणि वाळवीही लागते. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ च्या जुलैत पुराचं पाणी शिरलं आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत शिरलं. दोन्ही वेळा तिथल्या माणसांनी चिखलातून वाचनालय उभं केलं. त्यामुळे डागडुजी करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

आता तक्रार. मी ग्रंथपालबाईंना विचारलं, "वाचनालयाच्या जुन्या देवघेवीच्या वह्या बघायला मिळतील का? आजोबा कोणती पुस्तकं न्यायचे ते बघायचं होतं." त्या तरुण आहेत, नुकत्याच लागलेल्या. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "काकू, मी यायच्या आधी दोन टेम्पो भरून रद्दी गेली. वह्या त्यातच गेल्या." स्वातंत्र्यापूर्वीच्या सगळ्या वह्या! गावात कोण काय वाचत होतं, कोणत्या साली पहिली बाई सभासद झाली, कुणी वर्गणी थकवली, हे सगळं किलोच्या भावानं गेलं. वर्तमानपत्रांचे जुने बांधीव खंड तेवढे वाचले, तेही माळ्यावर होते आणि खाली काढायला जड होते म्हणून.

वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हे मला मान्य आहे. ठेकेदाराला जागा रिकामी हवी होती आणि कमिटीला पावसाळ्याआधी काम संपवायचं होतं. वही म्हणजे पुस्तक नाही, तिला दाखल नंबर नाही, म्हणून ती कुणाच्या हिशेबात नव्हती. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार वाचनालयांना अ, ब, क, ड वर्ग मिळतात, अनुदान मिळतं, पुस्तकं किती आणि सभासद किती याची तपासणी होते. पण वाचनालयाचे स्वतःचे जुने कागद हीसुद्धा गावाची मिळकत आहे, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की नूतनीकरणाला हात घालण्याआधी जे टाकायचं आहे त्याची यादी करावी, ती महिनाभर दारावर लावावी, आणि गावातल्या दोन म्हाताऱ्यांना आणि एका मोडी वाचणाऱ्याला ते ढीग दाखवावेत. याला पैसे पडत नाहीत.

असो. जे वाचलं होतं ते बघायला बसले. ग्रंथपालबाईंनी खंड स्वतः उचलून आणून दिले. मी शिक्षिका होते हे कळल्यावर त्या 'काकू'वरून 'बाई'वर आल्या आणि चहाही आला.

जिल्ह्याच्या गावाहून निघणारं ते साप्ताहिक. कागद इतका ठिसूळ की पान उलटताना श्वास धरावा लागतो. मी १८९९ पासून सुरुवात केली. मला हवी होती दुष्काळातल्या अन्नदानाची एखादी बातमी. दुष्काळाच्या बातम्या पानोपानी होत्या. पाऊस नाही, चारा नाही, खडी फोडायची सरकारी कामं कुठे निघाली, धारण काय झाली. पणजोबांचं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते सापडलं, पण शेवटच्या पानावर, जाहीर नोटिशींत.

दिवाणी कोर्टाची नोटीस होती. वादी पणजोबा. प्रतिवादी शेजारच्या गावचा एक शेतकरी. कर्जापोटी गहाण असलेली जमीन, सर्व्हे नंबर, एकर-गुंठे, आणि तिच्या जाहीर लिलावाची तारीख. माझ्या पोटात धस्स झालं. मग पुढे बघत गेले. १९०० ते १९०४ या काळात वादी म्हणून त्यांचं नाव मला अकरा वेळा सापडलं.

आणि त्याच कपाटात वाचनालयाचा १९०३ चा छापील वार्षिक अहवाल मिळाला. त्यात देणगीदारांच्या यादीत पणजोबा, रुपये शंभर.

त्या रात्री लॉजवर झोप लागली नाही. एक जुनी गोष्ट आठवत राहिली. आमच्या वाड्यात मागच्या बाजूला एक अंधारी खोली होती, तिला सगळे 'दिढीची खोली' म्हणायचे. का, ते कुणी सांगितलं नाही. आम्हा पोरांना वाटायचं, तिचा उंबरा दीड फूट उंच आहे म्हणून दिढी. आता सत्तरी ओलांडल्यावर तो शब्द कळला. सवाई-दिढी! एक पोतं धान्य उसनं न्यायचं आणि सुगीला सव्वा किंवा दीड पोतं परत आणून घालायचं. ते दाणे ठेवायची ती खोली. म्हणजे पेव उघडलं ही गोष्ट खोटी नाही. पंचक्रोशीनं ते दाणे खाल्ले हेही खरं असेल. फक्त ते दीडपटीनं परत करायचे होते, हा भाग सांगणाऱ्यांनी गाळला. ज्यांना परत करता आलं नाही, त्यांच्या जमिनी नोटिशींत दिसतात, असं मला वाटतं. कोणतं कर्ज कशापायी झालं ते नोटिशीत लिहिलेलं नसतं, त्यामुळे छातीठोक सांगणार नाही. पण खोलीचं नाव काही कुणी गमतीनं ठेवलं नसेल.

आता पणजोबांच्या बाजूनंही बोलायला हवं, नाहीतर तोही अन्यायच होईल. आमच्याच मुलखात १८७५ साली शेतकऱ्यांचे दंगे झाले. १२ मेला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात ठिणगी पडली आणि पुणे-नगर भागात गावोगाव लोकांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना हवे होते ते कागद. खतं, रोखे, वह्या काढून घ्यायच्या आणि जाळायच्या. सरकारनं चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. त्यानं शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणं थांबलं, कोर्टाला कर्जाचा मुळापासूनचा हिशेब तपासता येऊ लागला, आणि स्पष्ट गहाण लिहून दिलेली नसेल तर शेतकऱ्याची जमीन विकायला बंदी आली. म्हणजे पणजोबांनी जे केलं ते कायद्याच्या चौकटीत, कोर्टाच्या शिक्क्यानं. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा, तोही सगळीकडे पोचायला पुढे वर्षं गेली. सरकारचा सारा रोख भरायचा, पाऊस पडो न पडो. अशा वेळी शेतकऱ्याला दार वाजवायला सावकाराचंच घर होतं. तो दार उघडायचा हेही खरं, आणि उघडायची किंमत घ्यायचा हेही खरं.

सुप्याच्या त्या होळीचा विचार करताना मला एकदम जाणवलं, मी इथे वाचनालयाच्या वह्या रद्दीत गेल्या म्हणून हळहळते आहे, आणि याच मुलखात शेतकऱ्यांनी कागद स्वतःहून जाळले होते. कागद जपावा असं वाटायला आधी तो आपल्या बाजूनं बोलणारा असावा लागतो. आमच्या घरानं कागद जपले कारण ते आमच्या फायद्याचे होते. ज्याच्या गळ्याला तो कागद फास होता, त्यानं तो का जपावा?

तिसऱ्या दिवशी माझ्या शेजारच्या टेबलावर पंचविशीचा एक मुलगा येऊन बसला. त्याच्या मोबाइलमध्ये जुन्या मोडी पानाचे फोटो होते. ग्रंथपालबाईंनी त्याला माझ्याकडे पाठवलं होतं, कारण निवृत्तीनंतर मी मोडीचा वर्ग केला आहे हे मी बोलण्यात सांगून बसले होते. २०२३ च्या सप्टेंबरात शिंदे समिती नेमली गेल्यापासून कुणबी नोंदींचा शोध गावोगाव चालला आहे आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला आहे, हे तुम्ही वाचलंच असेल. गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, त्यातलं ते पान होतं. त्याला खापरपणजोबांचं नाव आणि त्यापुढची जात वाचून हवी होती. म्हणाला, "आजी, बहिणीच्या ॲडमिशनचं अडलंय."

मला जमेल तेवढं वाचून दिलं. नाव लागलं, पुढचा शब्द डागाखाली होता, तो मला लागला नाही. लागत नाही असंच सांगितलं. अंदाजानं सांगितलेलं त्याच्या उपयोगाचं नव्हतं. आरक्षणाच्या वादात मला इथे पडायचं नाही. पण एक गोष्ट मनात राहिली. माझ्यासाठी पूर्वजांचा शोध म्हणजे निवृत्तीतला उद्योग, आणि त्याच्यासाठी बहिणीचं कॉलेज. आमच्या घराण्याची वंशावळ जाड कागदावर छापून येते. त्याच्या घराण्याची वंशावळ कोतवालाच्या वहीत, शाळेच्या जनरल रजिस्टरात, नाहीतर आमच्या पणजोबांसारख्याच्या नोटिशीत 'प्रतिवादी' म्हणून. कुलवृत्तांत सगळ्यांच्या घरी नसतो, म्हणून सार्वजनिक ठिकाणचा कागद रद्दीत घालताना दहा वेळा विचार करावा.

शाळेच्या रजिस्टरचा विषय निघालाच आहे तर एक कबुलीही देऊन टाकते. मी स्वतः कित्येक मुलांची जन्मतारीख १ जून लिहिली आहे. आईला विचारलं तर ती म्हणायची, "बाई, पोळ्याच्या आसपासचा आहे," आणि शाळेला तारीख हवी. मग १ जून. आज त्या मुलांचे सरकारी वाढदिवस एकाच दिवशी येतात. शंभर वर्षांनी कुणी ते रजिस्टर उघडून म्हणेल, या गावात सगळी मुलं एकाच दिवशी जन्मली! तेव्हा कागद म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, हे मला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. म्हणूनच अकरा नोटिशींवरून मी पणजोबांना पिळवणूक करणारा राक्षस ठरवायला निघालेली नाही. पण 'दानशूर' हा शब्दही आता माझ्या हातून लिहवत नाही.

आणि अजून एक. सांगायचं की नाही याचा मी बराच विचार केला. नोटिशींतल्या एका प्रतिवादीचं आडनाव आणि गाव मला ओळखीचं वाटलं. वडील ज्यांचं नाव कडवटपणे घ्यायचे, १९५७ साली कूळ म्हणून 'आमची' जमीन ज्यांच्या नावावर झाली, त्यांचं तेच आडनाव, तेच गाव. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, हे शब्द आमच्या घरात सुतकासारखे उच्चारले जायचे. जमीन फुकट गेली नव्हती, किंमत ठरून हप्त्यानं मिळाली होती, हे मला फार उशिरा कळलं. आता प्रश्न असा पडतो, की जमीन गेली म्हणायचं की परत गेली म्हणायचं? गावात एका आडनावाची वीस घरं असतात, तेव्हा हे तेच घराणं असेल असं मी म्हणत नाही. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, त्यामुळे तीच जमीन का हेही एका नजरेत कळत नाही. जुने फेरफार आता स्कॅन होऊन संगणकावर बघता येतात. भाचा शोधून देतो म्हणाला आहे. पण तो शोधून काय आणील याची मला थोडी भीती वाटते, हे खरं. वडील असते तर मी हे त्यांना सांगू शकले असते का? नाही वाटत.

दादाला फोनवर सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, कुलवृत्तांत म्हणजे काय चार्जशीट आहे का? त्या काळात सगळेच करत होते. पोरांच्या हातात काय द्यायचं आपण?" दादा वाईट माणूस नाही. पदरचे पैसे घालून पुस्तक काढतो आहे. त्याचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण सगळेच करत होते, तर मग लिहायला लाज कसली? आणि लाज वाटत असेल, तर सगळेच करत नव्हते, असं काहीतरी आपल्यालाही आतून माहीत आहे.

अमेरिकेतली भाची दुसऱ्या टोकाला. ती म्हणाली, "आत्या, मग वाचनालयातली ती पाटी परत लावायचीच कशाला? काढूनच टाका."

हो, पाटीचं सांगायचं राहिलं! वाचनालयाच्या जुन्या भिंतीत देणगीदारांच्या पाच संगमरवरी पाट्या होत्या. नूतनीकरणात नव्या फरशा बसवताना त्या काढल्या, आणि दर्शनी भिंतीवर आता नव्या देणगीदारांची काळी ग्रॅनाइटची पाटी आली आहे. जुन्या पाच जिन्याखाली भिंतीला टेकून उभ्या आहेत. त्यातली एक पणजोबांची. एक कोपरा फुटलाय, अक्षरांतला काळा रंग उडालाय, पण बोटानं वाचता येतं. निघताना ग्रंथपालबाईंनी हळूच विचारलं, "बाई, कमिटी विचारतेय, तुमच्या घराण्याची पाटी आत कुठे तरी लावू का तुम्ही घरी नेताय?"

मी त्यांना म्हटलं, घरच्यांना विचारून सांगते. म्हणजे हे लिहिणं एका अर्थी तुम्हा सगळ्यांना विचारणंच आहे. तुमचं मत कळवालच, पण माझं आधी सांगते.

पाटी लावावी. ती काढून टाकली तर पणजोबांनी वाचनालयाला दिलेले शंभर रुपये नाहीसे होत नाहीत, आणि ते कुठून आले तेही नाहीसं होत नाही. कुणाला काही विचारायची सोय मात्र नाहीशी होते. त्या पैशांतून आलेली पुस्तकं आजोबांनी वाचली, मी वाचली, आणि आज वरच्या मजल्यावर बसलेली मुलंही त्याच रोपाच्या सावलीत आहेत. त्यातल्या एखाद्या मुलीचा खापरपणजोबा त्या अकरांपैकी असेल, कुणी सांगावं!

पण नुसती पाटी लावायची नाही. त्या अकरा नोटिशींच्या आणि १९०३ च्या अहवालाच्या झेरॉक्स प्रती बांधून वाचनालयाच्या स्थानिक इतिहासाच्या कपाटात ठेवायच्या, दाखल नंबर घालून, म्हणजे पुढच्या नूतनीकरणात टेम्पोत जाणार नाहीत. ज्याला पाटी वाचून कुतूहल वाटेल त्याला कपाट उघडता आलं पाहिजे. त्याचा खर्च मी देईन, तो असा काय मोठा आहे!

आणि कुलवृत्तांतात मी दोन पानं लिहीन. पेव उघडल्याचं लिहीन, दिढीच्या खोलीचं लिहीन, कोर्टाच्या नोटिशींचं लिहीन आणि देणगीचंही लिहीन. प्रतिवाद्यांची नावं छापणार नाही, कारण ती त्यांच्या घरच्यांची आहेत, आमची नाहीत. 'दानशूर' लिहिणार नाही आणि 'जुलमी'ही लिहिणार नाही. पस्तीस वर्षं मुलांना सांगत आले, की निबंधात विशेषणं कमी वापरा आणि काय झालं ते सांगा. आता स्वतःच्या पणजोबांवर निबंध लिहायची वेळ आली तर नियम बदलता येत नाही. दादाला ते चालणार नसेल तर त्यानं ती दोन पानं दुसऱ्या कुणाकडून लिहवून घ्यावीत, मी रागावणार नाही. पण खाली माझं नाव घालायचं नाही.

पोरांच्या हातात काय द्यायचं, हा दादाचा प्रश्न मला सोडत नाही. मला वाटतं, आपण त्यांना देव नाही तर माणूस द्यावा. दुष्काळात दार उघडणारा, वहीत आकडा लिहिणारा, कोर्टात जाणारा, आणि त्याच वर्षांत वाचनालयाला शंभर रुपये देणारा. त्यानं ते का दिले असतील? मन खात होतं म्हणून, की भिंतीवर नाव हवं होतं म्हणून, की खरंच पुस्तकांवर जीव होता म्हणून? आजोबांनी कोणती पुस्तकं नेली, पणजोबा स्वतः सभासद होते की नाही, हे त्या रद्दीत गेलेल्या वह्यांतून कळलं असतं. आता नाही कळायचं.

वाचनालयाच्या कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. पाटी तोवर जिन्याखाली उभी आहे. माझ्या भावंडांनी, भाच्यांनी, पुतण्यांनी आपापलं मत बैठकीच्या आधी कळवावं. आणि ज्यांच्या घरी आजोबांची जुनी पत्रं, वह्या, ट्रंकेतले कागद आहेत त्यांनी एक करावं. पांढरा रंग काढण्यापूर्वी, घर बदलण्यापूर्वी, ते एकदा मला दाखवावेत. मोडी मला वाचता येते, आणि रिकामी तर मी आहेच.